एकट्याला हापशाचं पाणी पिता येत नाही

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सायकलवरून आजोळी जायचो. सोलापूर मागं पडलं की तासाभरानं रस्त्याच्या कडेला एक हापसा लागायचा. वडील दांडा मारायचे, मी तोटीखाली ओंजळ धरायचो. मग मी दांड्याला लोंबकळायचो आणि वडील प्यायचे. बारा-तेरा वर्षांचा असताना मी पहिल्यांदा एकटा गेलो आणि त्याच हापशाशी थांबलो. दांडा एका बाजूला, तोटी दुसऱ्या बाजूला. दहा वेळा दांडा मारून तोटीकडं पळालो की धार संपत आलेली. हातात घोटभर पाणी, अंगावर बाकीचं. तीनदा तसं केलं. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली, तिनं न विचारता दांडा धरला. "पी लेकरा, मी हापसते." मी पोटभर प्यालो, मग तिच्या शेळ्यांसाठी मी हापसलं. तेवढ्या वेळात तिनं मी कुणाचा, कुठं निघालो, आजोबांचं नाव काय, सगळं विचारून घेतलं आणि आजोळच्या बाजूनं एक लांबचं नातंही काढलं.

दोन अनोळखी माणसं तिथं बोलली, कारण त्या लोखंडी वस्तूची ठेवणच तशी होती. दांडा आणि तोटी यांच्यात जेवढं अंतर होतं, तेवढ्यात दुसऱ्या माणसाची जागा होती. हे तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढं पाट्या बनवायला लागल्यावर.

मी सोलापुरात पाट्या बनवतो. आधी ब्रशनं रंगवायचो, आता फ्लेक्स, अ‍ॅक्रिलिक, जे मागाल ते. गिऱ्हाइकाच्या तोंडी 'डिझाइन' हा शब्द येतो तो "थोडं डिझाइन टाका की" असा, म्हणजे कोपऱ्यात वेलबुट्टी किंवा नावामागं सोनेरी झळाळी. त्यात काही वाईट नाही. पण इथं ज्या डिझाइनबद्दल लिहितोय ते कामाचं डिझाइन. वस्तू कुठं धरायची, किती उंचीवर बसवायची, कोणत्या बाजूनं उघडायची, पाटीवर कोणतं अक्षर आधी दिसायला हवं, हे कुणीतरी आधी बसून ठरवतं. वस्तूंचं ठरवणारा तो औद्योगिक डिझायनर, अक्षरं, चिन्हं आणि रंग यांचं ठरवणारा तो ग्राफिक डिझायनर. दोघंही नकळत आणखी एक गोष्ट ठरवून टाकतात: त्या वस्तूपाशी किंवा पाटीपाशी आलेली दोन माणसं एकमेकांशी कशी वागतील.

माझ्या मते माणसांचं बोलणं दोन तऱ्हेचं असतं. एक, विचारावं लागणं. दुसरं, बोलावंसं वाटणं. बस कुठल्या फलाटाला लागते, औषध जेवणाआधी की नंतर, सही कुठं करायची, हे पहिल्या तऱ्हेचं. ज्याला वाचता येत नाही त्याला ते दिवसभर, दर पावलाला करावं लागतं आणि दर वेळी समोरच्याच्या कपाळावरची आठी बघावी लागते. म्हातारीनं मला आजोबांचं नाव विचारलं ते दुसऱ्या तऱ्हेचं. चांगलं डिझाइन पहिलं कमी करतं आणि दुसऱ्याला जागा ठेवतं. वाईट डिझाइन नेमकं उलटं करून बसतं.

काही वर्षांपूर्वी आईला एका रुग्णालयात नेलं होतं. नाव नोंदवायच्या खिडकीला काच होती आणि काचेला वाटीएवढं भोक. आतला कारकून खुर्चीवर बसलेला, म्हणून भोक त्याच्या तोंडाच्या उंचीला. बाहेरची माणसं उभी, म्हणजे त्यांच्यासाठी ते भोक पोटाच्या उंचीला. आई वाकली. वाकल्यावर तिला कारकुनाचा चेहरा दिसेना आणि त्याला तिचं ऐकू येईना. "काय होतंय? मोठ्यानं सांगा!" मागं पंधरा-वीस माणसांची रांग, तीही ऐकू यावं म्हणून पुढं सरकत आलेली. आईचा त्रास बायकांचा होता. तिनं मान खाली घालून सांगितलं, "ताप येतोय." तापाचा कागद मिळाला, तापाच्या खोलीबाहेर आम्ही दोन तास बसलो आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा खालच्या खिडकीकडं पाठवलं.

मला कारकुनाचा राग आला होता. नंतर बऱ्याच वेळा ती खिडकी आठवली आणि राग भोकावर गेला. आतली जमीन एक-दीड फूट उचलून घेतली असती, तर बसलेला आणि उभा माणूस समोरासमोर आले असते. बँकांमध्ये, टपाल कार्यालयांत काही जुन्या खिडक्यांना आतून असा चौथरा असतो. किंवा बाहेर एक स्टूल ठेवलं असतं. आणि रांगेसाठी जमिनीवर एक पिवळी रेघ, चार फूट मागं.

चार फूट हा आकडा माझ्या मनचा नाही. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात माणसं एकमेकांपासून किती अंतरावर उभी राहतात याचा अभ्यास केला. साधारण दीड फुटाच्या आत फक्त जिवाभावाची माणसं चालतात, चार फुटांपर्यंत ओळखीची, त्यापलीकडं कामापुरती. त्यानं हे मुख्यतः आपल्या देशातल्या लोकांवरून मांडलं आणि प्रत्येक समाजाची मापं वेगळी असतात हेही सांगितलं. आपल्याकडच्या रांगेत छातीला पाठ लागते हे खरं. पण आजाराचं नाव घेताना आपल्यालाही चार फूट हवेच असतात. ते कुणी आखून दिले नाहीत तर मागायचं धाडस कोण करणार?

आता हापशाकडं परत येतो, कारण त्याची गोष्ट सोलापूरची आहे आणि ती सोलापूरकरांनाच फारशी ठाऊक नसते.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास देशभर कातळात विंधन विहिरी, म्हणजे बोअर, पाडायला सुरुवात झाली. आपल्याकडचा खडक काळा आणि कठीण, पाणी खोल. विहीर पाडली की वर बिडाचा पंप बसवायचा. ते पंप ज्या घडणीचे होते ती मुळात परदेशातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या अंगणासाठीची. एक घर, चार माणसं, दिवसाला दहा-वीस बादल्या. आपल्या गावात तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसांच्या हातात. दांड्याचा बोल्ट झिजायचा, बीड तडकायचं. युनिसेफनं १९७० च्या दशकात पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी बहुतेक बंद पडलेले निघाले.

याच काळात जालना आणि सोलापूर भागात विहिरींचं काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी आणि इथल्या कारागिरांनी स्वतःचे पंप घडवायला घेतले होते. त्यांतला 'सोलापूर पंप' सगळ्यांत टिकाऊ ठरला. युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचे अभियंते यांनी तो पुढं घेतला, सुधारला, कोइमतूर भागात खोल विहिरींवर तपासला आणि १९७७ च्या सुमाराला त्यातून 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार झाला. पुढं आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतही तो गेला. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांत त्याची गणना होते. म्हणजे आपण ज्याला नुसता 'हापसा' म्हणतो, त्याच्या वंशावळीत आपल्या जिल्ह्याचं नाव आहे.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. दांडा भरीव पोलादाचा, मुद्दाम जड. खाली विहिरीत लोखंडी कांब आणि पाण्याचा भार लोंबत असतो, त्याला दांड्याचं वजन उतारा देतं. तरफेचं प्रमाण एकास आठ, म्हणून दहा वर्षांचं पोरही दांड्याला लोंबकळून शंभर-दीडशे फुटांवरचं पाणी वर आणू शकतं. दांड्याच्या आतल्या टोकाला कमानीसारखा तुकडा आणि त्यावरून गेलेली साखळी. दांडा वर-खाली गोल फिरतो, पण साखळीमुळं कांब मात्र सरळ उभीच ओढली जाते, त्यामुळं बाजूला झीज नाही. फिरण्याच्या जागी बंद बेअरिंग, रोज तेल घालायला नको. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती खालची बैठक: पंपाचं खोड विहिरीच्या नळीवर टोपीसारखं बसतं आणि सिमेंटच्या कट्ट्यात रोवलं जातं. सांडलेलं घाण पाणी पुन्हा विहिरीत झिरपत नाही.

हे सगळं यंत्राचं झालं. पण या प्रत्येक निर्णयामागं एक माणूस बसलेला दिसतो. दांडा पोराला पेलवतो म्हणून पाणी भरायला आईबरोबर पोरं येतात. तोटी कट्ट्यापासून अशा उंचीवर की खाली घागर मावते. एकजण हापसतो, एकजण घागर धरतो, तिसरी कळशी रांगेत. मिनिटाला साधारण बारा लिटर पाणी येतं, म्हणजे एक घागर भरायला एक-दीड मिनिट. गप्पा मारायला पुरेसं, कंटाळा यायला कमी. गावात कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा बैल विकला, हे सगळं हापशावर कळायचं ते उगाच नाही. सरकारी हिशेब अडीचशे माणसांमागं एक हापसा असा होता. तो पाण्यासाठी काढलेला हिशेब, पण अडीचशे माणसांची रोज गाठ पडायची जागाही त्यानं आखून दिली.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. विहिरीवर पाणी शेंदायचं तर दोर आणि बादली पाण्याला लागते, आणि कुणाची बादली लागली यावरून आपल्या गावांनी शेकडो वर्षं माणसांना तहानलेलं ठेवलं. खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईनं विहिरीबाहेर घागर ठेवून, कुणीतरी वरून वाढेल म्हणून वाट बघत बसायचं. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला तो या देशात. हापशानं पाणी झाकून टाकलं. त्यात कुणाचाच हात, कुणाचीच बादली पोचत नाही. दांडा मात्र सगळ्यांच्या हाताखालून जातो. 'पाणी बाटतं' या म्हणण्याला वस्तूनंच जागा ठेवली नाही. म्हणून जात गेली का? नाही. विंधन विहीर कुठं पाडायची हे वस्तू ठरवत नाही, माणसं ठरवतात. वस्तीचा हापसा वेगळा, गावाचा वेगळा असं कित्येक ठिकाणी झालं आणि एकाच हापशावर आधी दांडा धुऊन घेणारेही होते. डिझाइन एक दार उघडून देतं. त्यातून आत यायचं की नाही, हे त्याच्या हातात नाही.

आमच्या घरी डिझाइनचे दोन नमुने रोज समोरासमोर असायचे. वडील यंत्रमागावर, आई बिड्या वळायची. सोलापुरात अशी घरं हजारांनी होती, अजून आहेत.

यंत्रमागाच्या कारखान्यात तुम्ही कधी गेला असाल तर पहिली गोष्ट आठवेल ती आवाज. आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाणला जातो, तिथं थांबवला जातो, परत हाणला जातो. मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे वीस-पंचवीस माग एका छपराखाली. आपल्या कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. शिवाय मागांच्या रांगा अशा की कामगार दोन मागांच्या मधल्या अरुंद बोळात, त्याची नजर ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, आणि पाठ दुसऱ्या माणसाकडं. वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हातांची एक भाषा बनवली होती. कांडी संपली, धागा तुटला, मालक आला, चहा. एवढे शब्द त्यांना पुरायचे. घरी आल्यावरही वडील बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडं कमी आणि ओठांकडं जास्त बघायचे, आणि मोठ्यानं बोलायचे. लहानपणी मला वाटायचं ते रागावलेत. आता धोट्याशिवायचे माग आलेत, तो ठोका गेला, बाकीचा आवाज आहेच.

आई आणि शेजारच्या चार-पाच मावश्या ओसरीवर गोल करून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला कात्री आणि पत्र्याचं माप. बोटांना काम, तोंड मोकळं, आवाज कात्रीचा तेवढा. आणि गोल असल्यामुळं प्रत्येकीला प्रत्येकीचा चेहरा दिसायचा. तेलुगू, कन्नड, मराठी सगळं मिसळून तिथं चालायचं. कुणाच्या घरी नवऱ्यानं हात उचलला हे तिथं आधी कळायचं आणि संध्याकाळी सगळ्या मिळून त्याच्या दारात जायच्या. बिडीचं काम वाईट आहे, तंबाखूची धूळ छातीत जाते, हजार बिड्यांमागं मिळणारे पैसे कष्टाच्या मानानं काहीच नाहीत. ते गोड करून सांगायचं नाही. पण त्या कामाची बैठक माणसांना जवळ आणणारी होती आणि वडिलांच्या कामाची पांगवणारी, एवढं मात्र आमच्या घरात रोज दिसायचं.

या दोन बैठकींना नावं आहेत हे मला फार उशिरा कळलं. हंफ्री ऑस्मंड नावाचे मनोविकारतज्ज्ञ कॅनडातल्या एका मानसिक रुग्णालयात होते. १९५७ मध्ये त्यांनी मांडलं की काही जागा माणसांना मध्याकडं खेचतात (सोशिओपेटल) आणि काही जागा त्यांना कडेला फेकतात (सोशिओफ्यूगल). त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या रॉबर्ट सॉमर यांनी तिथल्या वृद्ध बायकांच्या वॉर्डचं निरीक्षण केलं. वॉर्ड नवा, स्वच्छ, रंग ताजा. पण खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीनं, आणि बायका दिवसभर समोर बघत गप्प. सॉमर यांनी छोटी टेबलं आणली आणि खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या. सुरुवातीला सगळे कुरकुरले, खुर्च्या पुन्हा भिंतीकडं जायला लागल्या, कारण झाडणाऱ्यांना तेच सोयीचं होतं. काही आठवड्यांनी मोजलं तर बायकांचं आपसातलं बोलणं ठळकपणे वाढलेलं होतं. माणसं तीच, आजार तेच. खुर्चीचं तोंड तेवढं वळलं होतं.

आता पाट्या आणि चिन्हं. सोलापूर हे चार भाषांचं गाव आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. साखर पेठेत मी एकदा दुकानाच्या पाटीवर चारही लिप्या बसवून दिल्या आणि दुकानदाराचे वडील म्हणाले, "कात्रीचं चित्र मोठं काढ की, बाकीचं कोण वाचतंय?" ते शिंपी होते. त्यांचं बरोबर होतं. चित्राला लिपी लागत नाही.

याच गोष्टीवर आपल्या देशानं निवडणुका उभ्या केल्या. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात शंभरात जेमतेम अठरा माणसं साक्षर होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. पुढं एकाच मतपत्रिकेवर सगळी चिन्हं आली आणि शिक्का मारायचा झाला. त्या शिक्क्याचा आकार बाणांच्या फुलीसारखा का, याचा कधी विचार केलाय? मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या चिन्हावरही उमटू शकते. साधी फुली उलटी झाली तरी फुलीच दिसते. ही बाणांची फुली मात्र एकाच दिशेला फिरते. उलटी उमटली की दिशा बदलते आणि खरा शिक्का कुठला, सावली कुठली, हे मतमोजणीला बसलेल्यांना भांडण न करता ठरवता येतं. एवढ्याशा आकारानं किती तंटे वाचवले असतील.

चिन्हं काढणारे एम. एस. सेठी हे निवडणूक आयोगाचे आरेखक. पेन्सिलीनं काढलेली त्यांची साधी रेघांची चित्रं ते १९९२ मध्ये निवृत्त झाल्यावरही वर्षानुवर्षं चालत राहिली. नखाएवढं छापलं तरी ओळखू यावं, शाई फिस्कटली तरी दुसऱ्यासारखं दिसू नये, ही कसोटी. आपल्याकडच्या निवडणुकांतली कपबशी, शिट्टी, छत्री, नारळ आठवून बघा. चारही वस्तूंची बाहेरची रेघच वेगळी आहे. वाचता न येणारी बाई नवऱ्याला किंवा सरपंचाला न विचारता आपलं मत शोधू शकते, ते त्या रेघेमुळं.

मतदान यंत्राचं बाह्यरूप मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्राच्या प्राध्यापकांनी घडवलं. त्यातला 'पीं' आवाज मला फार विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. मत कुणाला दिलं हे आडोशामागं गुप्त, पण मत दिलं गेलं हे खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जातं. अधिकाऱ्याकडचा भाग आणि मतदाराकडचा भाग यांच्यात पाच मीटरची तार असते. अधिकारी बटण दाबून यंत्र मोकळं करतो, त्यापलीकडं त्याला काही दिसत नाही. कुणी किती बघायचं आणि किती ऐकायचं, हे सगळं त्या पेटीच्या आकारात बसवलेलं आहे.

सगळीच चिन्हं इतकी जमलेली नाहीत. औषधाच्या काही पाकिटांवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, असा तिचा अर्थ, आणि प्रतिजैविकांसाठी २०१६ मध्ये सरकारनं तिची मोहीमही चालवली. ओळखीच्या दहा जणांना विचारून बघा, कितीजणांना ठाऊक आहे. रेघ स्वतःहून काही बोलत नाही, ती कुणीतरी शिकवावी लागते आणि दुकानातल्या घाईत ते होत नाही. याउलट खाद्यपदार्थांवरचा हिरवा ठिपका पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. मांसाहाराचा तपकिरी ठिपका मात्र रंगांधळ्या माणसाला हिरव्यासारखाच दिसायचा, म्हणून नव्या नियमांत तो ठिपका जाऊन तपकिरी त्रिकोण आला. उपवास करणारा, मांस न खाणारा माणूस त्यामुळं दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

नाण्यांचा प्रश्न तर हातातच जाणवतो. २००७ च्या सुमारास आलेल्या एक रुपयाच्या नाण्यावर वर केलेला अंगठा आणि दोनच्या नाण्यावर दोन बोटं होती. कल्पना सुरेख, बाजारात बोटांनीच भाव करणाऱ्या माणसांना समजेल अशी. पण २०११ पासूनचं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आलं, आणि आधीचा रुपयाही २५ मिलिमीटरचाच, वजनही सारखंच. दोन्ही एकाच वेळी चलनात. डोळे अधू झालेली माझी आजी शेवटपर्यंत भाजीवालीशी यावरून वाद घालायची आणि प्रत्येक वेळी दोघींपैकी एक खोटी ठरायची. दोघीही खऱ्या होत्या.

मंगळवार पेठेत आता नाण्यांचं काम कमी झालंय. गाड्यावर क्यूआर कोडचं चौकोनी काळं-पांढरं चिन्ह लावलेलं असतं. ते १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढलं गेलं. तीन कोपऱ्यांतले तीन चौकोन यंत्राला सांगतात की चिन्ह कुठल्या बाजूनं धरलंय, म्हणून फोन वाकडा धरला तरी चालतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा मात्र एक नवीन अडचण झाली. पैसे गेले की नाही हे गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसायचं आणि दुकानदारानं हात धुऊन, चष्मा शोधून ते बघायचं. कुणी जुना फोटो दाखवून फसवून जायचं, म्हणून खऱ्या गिऱ्हाइकाकडंही संशयानं बघायला लागायचं. मग ती छोटी बोलणारी पेटी आली. "तीस रुपये मिळाले" असं ती मराठीत सांगते आणि भजीवाल्याचे हात तेलातच राहतात. फोन दाखवा म्हणायची वेळ गेली आणि संशयाची नजरही गेली. अर्थात आता रांगेतल्या सगळ्यांना कळतं की तुम्ही किती रुपयांचं घेतलंत. ज्याच्याकडं दहाच रुपये आहेत त्याला तो आवाज कसा वाटत असेल, हे पेटी बनवणाऱ्यांनी पुन्हा एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका लहान दवाखान्याच्या पाट्यांचं काम आलं. पाट्या बनवण्याआधी मी तीन दिवस दारात बसून होतो. दारावरचे शिपाईमामा सकाळपासून एकच वाक्य बोलायचे, "सरळ जा, डावीकडं." संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज चढलेला असायचा आणि विचारणाऱ्याचा खाली गेलेला. मी भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला रंगीत पट्टे मारले. जमिनीवर मारले असते तर चपलांखाली दिसले नसते. रक्ततपासणीला लाल पट्टा आणि थेंब, एक्स-रेला निळा आणि हाताचा सापळा, डोळ्यांना हिरवा आणि डोळा. रंग न दिसणाऱ्याला आकार, आकार न कळणाऱ्याला रंग. केसपेपरवर त्याच रंगाचा, त्याच चित्राचा कागद चिकटवायचा. खिडकीबाहेर मी स्टूल ठेवायला लावलं आणि पिवळी रेघ आखली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

बाकही समोरासमोर मांडून दिले होते. दोन दिवसांत त्यातले तीन परत भिंतीला लागले. मला आधी वाईट वाटलं, मग बसून बघितलं. अंगात ताप असलेल्या माणसाला डोकं टेकायला भिंत हवी असते, समोर दुसऱ्याचा चेहरा नको असतो. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते तीन तसेच राहू दिले. चौथा बाक आणि पाचवा बाहेर कडुलिंबाखाली एकमेकांकडं तोंड करून ठेवले, तिथं सोबत आलेली माणसं बसतात.

परवा बिलाच्या राहिलेल्या पैशांसाठी गेलो होतो. दुपारची वेळ, शिपाईमामा दारात नव्हते. कडुलिंबाखाली बसले होते, अक्कलकोटकडून आलेल्या एका कुटुंबाबरोबर. कडक भाकरी मोडून वाटली जात होती, शेंगाचटणीची पुडी मधे उघडी होती. मामा त्या घरातल्या म्हाताऱ्याला विचारत होते, रात्री झोप लागली का त्यांना.